पद्मिनीचा तळ कुजलाय, घरी वेल्डिंग करू का?

प्रश्न असा आहे. कोलशेतला सोसायटीच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये वडिलांची १९८७ ची प्रीमियर पद्मिनी सहा वर्षं कव्हरखाली उभी आहे. ड्रायव्हरच्या पायाखालची रबरी मॅट उचलली तर खालची फरशी दिसली. दाराखालची सिल दाबली की पापुद्रे निघतात. पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला रंगाला फोड आलेत. डेंटर म्हणतो, वरून पत्रा टाकून रिव्हेट मारतो, फायबर आणि पुट्टी करतो, दोन दिवसांत गाडी न्या. ते पटत नाही. स्वतः मशीन घेऊन शिकायची तयारी आहे. कोणतं मशीन घ्यावं, किती कापावं आणि हे पार्किंगमध्ये करता येईल का?

तुम्हाला ते पटलं नाही, हे फार बरं झालं. मी वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यात वेल्डिंग शिकलो आणि गेली सव्वीस वर्षं जुन्या गाड्यांचं पत्राकाम करतोय. त्यात पद्मिनी सगळ्यांत जास्त. वरून पत्रा टाकलेल्या किती पद्मिनी मी पुन्हा उघडल्या, याचा हिशोब राहिलेला नाही. प्रत्येकीत एकच गोष्ट दिसते. वरचा नवा पत्रा आणि खालचा कुजका पत्रा यांच्या फटीत पाणी खेचलं जातं आणि तिथेच बसतं. त्याला वारा नाही, ऊन नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो रिव्हेटसुद्धा उचकटून काढतो. दोन पावसाळ्यांत भोक मोठं होतं आणि आता ते झाकलेलं असल्यामुळे तुम्हाला कळतही नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. जुन्या जीपला खाली शिडीसारखी वेगळी चासी असते. तिचा तळ कुजला तर पाय ओले होतील, पण गाडी उभी राहते. पद्मिनीला तशी चासी नाही. फ्लोअर, दोन्ही बाजूंच्या सिल, मधला बोगदा आणि दारांचे खांब मिळूनच तिची चासी होते. तुमच्या बोटाखाली जी सिल पापुद्र्यासारखी सुटतेय, तो गाडीचा कणा आहे. तिथे फायबर लावणं म्हणजे मोडलेल्या हाडावर रंग देणं.

मशीनचं नंतर बोलू. आधी पाणी कुठून आलं ते शोधा. ठाण्यात खाडीची खारी हवा आहे आणि चार महिने कोसळणारा पाऊस आहे, हे खरं. पण छपराखाली उभ्या गाडीचा तळ नुसत्या हवेने भोकं पडेपर्यंत कुजत नाही, तिच्या आत पाणी शिरलेलं असतं. पद्मिनीत ते बहुतेक वेळा पुढच्या काचेच्या रबरातून येतं. रबर कडक होऊन आक्रसतं, कोपऱ्यात फट पडते, पाणी डॅशबोर्डच्या मागून ओघळत थेट पायाखालच्या नमद्यात, म्हणजे मॅटखालच्या जाड थरात, उतरतं आणि वरून रबरी मॅट झाकण घालते. दुसरी वाट दारांची. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती माती आणि जुन्या रंगाने बुजली की दार भरतं आणि पाणी आत वळतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. एकाने टॉर्च घेऊन आत आडवं व्हायचं, दुसऱ्याने बाहेरून बागेच्या पाइपने बारीक धार सोडायची. धार खालून सुरू करायची आणि हळूहळू वर न्यायची. आधीच टपावरून पाणी ओतलं तर सगळीकडून गळतं आणि काहीच कळत नाही. ही गळती बंद केल्याशिवाय केलेलं वेल्डिंग फुकट जातं. आणि ते प्लास्टिक अस्तराचं कव्हर काढून टाका. ते आतली दमट हवा आतच कोंडून ठेवतं.

आता गंज मोजायचा. सीट, मॅट, नमदा सगळं बाहेर. खालून गाडी जॅकने उचला, पण जॅकवर ठेवून तिच्याखाली कधीही जाऊ नका. चार मजबूत घोड्या (लोखंडी स्टँड) लावा आणि त्या कुजक्या सिलखाली न लावता सस्पेन्शन जिथे बसतं त्या भक्कम जागी लावा. मग एक जुना पेचकस आणि छोटी हातोडी घेऊन बोटभर अंतराने ठोकत जा. चांगला पत्रा ठण्ण वाजतो, कुजलेला धब्ब. पेचकस आत गेला तर जाऊ द्या, ते भोक तुम्ही पाडलेलं नाही, ते आधीच होतं. बाहेरच्या अंगाला लोहचुंबक कागदात गुंडाळून फिरवा. जिथे तो धरत नाही, तिथे कुणीतरी आधीच जाड पुट्टी भरून ठेवली आहे. एका मडगार्डवर मला बोटाच्या पेराएवढी जाड पुट्टी सापडली होती आणि तिच्या मागे पत्रा जवळपास नव्हताच.

किती कापायचं, याचं उत्तर व्हर्निअर कॅलिपर देतं. अशा गाड्यांचा तळ साधारण एक मिलिमीटरच्या आसपासचा असतो. भोकापासून बाहेर सरकत जा आणि जिथे पत्रा पूर्ण जाडीचा, चकचकीत आणि काळ्या खड्ड्यांशिवाय मिळतो, तिथे रेघ मारा. भोक रुपयाएवढं दिसतं, रेघ ताटाएवढी होते. तेव्हा मन कचरतं आणि माणूस कडेला थोडा पातळ पत्रा ठेवून देतो. तसं करू नका. पातळ झालेल्या पत्र्यावर आर्क, म्हणजे वेल्डिंगची विजेची ज्योत, धरतच नाही, भोक मोठं होत जातं आणि शेवटी तेवढंच कापावं लागतं.

कापण्याआधी एक काम आहे आणि ते टाळून मी स्वतः एकदा फार मोठं नुकसान केलं होतं. सुरुवातीच्या वर्षांत एका पद्मिनीच्या दोन्ही सिल मी एकाच दिवशी कापून काढल्या. नवीन बसवल्या, वेल्ड केल्या, गाडी घोड्यांवरून उतरवली आणि ड्रायव्हरचं दार लागेना. गाडी कमरेत काही मिलिमीटर खचली होती आणि मी तिला त्याच अवस्थेत वेल्डने पक्की केली होती. सगळं पुन्हा कापावं लागलं. तेव्हापासून नियम असा: आधी दारं लावून त्यांच्या फटी चारी बाजूंनी मोजून दारावरच खडूने लिहायच्या. मग दाराच्या पुढच्या आणि मधल्या खांबामध्ये एक इंची चौरस पाइप आडवा आणि तिरका टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारून पक्का करायचा. एका वेळी एकच बाजू कापायची. दुसरी बाजू पूर्ण झाल्याशिवाय पहिलीचे पाइप काढायचे नाहीत.

पत्रा सीआर (कोल्ड रोल्ड, साधा गुळगुळीत पत्रा) घ्या, २० गेजचा, म्हणजे साधारण ०.९ मिलिमीटर. सिलच्या आतल्या पट्टीला आणि सीटच्या बोल्टखालच्या मजबुतीला १८ गेज, म्हणजे १.२ मिलिमीटर. कळंबोलीच्या लोखंड बाजारात शीटच्या शीट मिळतात, पण तुम्हाला एवढा लागणार नाही. वागळे किंवा रबाळ्याला पत्रा कापून-वाकवून देणारे लोक तुकडा देतात आणि बेंडही काढून देतात. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा मात्र आणू नका. तो गंजत नाही म्हणून मोह होतो, पण वेल्डिंगच्या उष्णतेत त्याच्यावरचं जस्त उकळून धूर होतो. तो छातीत गेला की चार-सहा तासांनी थंडी वाजून ताप भरतो. जुने कारागीर त्यावर दूध आणि गूळ सांगतात. त्याने ताप टळत नाही, धूर छातीत न जाऊ देणं एवढाच उपाय आहे.

माप काढायला लग्नपत्रिकेचा जाड कागद उत्तम. तो वाकतो, पण ताणत नाही. आधी कागदाचा तुकडा भोकात नेमका बसवा, मगच पत्रा कापा.

आता मशीन. तुम्हाला सीओटू मशीन हवं, ज्याला मिग म्हणतात. त्यात रिळावरची तार आपोआप पुढे येऊन गॅसच्या आडोशात वितळते. साध्या रॉडच्या मशीनने एवढ्या पातळ पत्र्यावर काम होत नाही असं नाही, पण त्याला दहा वर्षांचा हात लागतो. गॅस वेल्डिंगने जुन्या डेंटरांनी सुंदर कामं केली आहेत, पण त्याची उष्णता लांबवर पसरून पत्रा लाटांसारखा होतो आणि घराजवळ अ‍ॅसिटिलीनचं सिलिंडर मी कुणालाच सुचवणार नाही. बिनगॅसची, फ्लक्स भरलेल्या तारेची मशीनं स्वस्त आणि हलकी असतात, पण २० गेजवर ती फार गरम चालतात. ती घेऊ नका.

दुकानदार २०० अँपिअर, २५० अँपिअर असा वरचा आकडा सांगेल. तुम्ही खालचा आकडा विचारा. ३०-४० अँपिअरला आर्क न तुटता चालते का, हेच पाहायचं आहे, कारण तुमचं सगळं काम ४० ते ६० मध्ये होणार. तार ०.६ मिलिमीटरची मिळाली तर सर्वांत चांगलं, नाहीतर ०.८ चालते. गॅस शुद्ध सीओटू सहज मिळतो, पण तो खोल आणि गरम जातो आणि शिंतोडे उडवतो. आर्गन आणि सीओटूचं मिश्रण महाग असलं तरी नव्या हाताला बरंच सोपं जातं. मी शिकणाऱ्याला मिश्रणच सांगतो. प्रवाह मिनिटाला आठ-दहा लिटर ठेवा आणि पंखा बंद करा. ठाण्याच्या उकाड्यात हे जिवावर येतं, पण पंख्याचा वारा गॅस उडवून लावतो आणि वेल्ड आतून पावासारखा सच्छिद्र होतो.

विजेची भीती अनेकांना असते. ५० अँपिअरला आर्कवर साधारण साडेसोळा व्होल्ट असतात, म्हणजे आठशे-सव्वाआठशे वॅट. मशीनचं नुकसान धरूनही घरच्या २३० व्होल्टवर सात-आठ अँपिअरच्या आत काम होतं. १६ अँपिअरचा प्लग पुरतो. फक्त वायर अडीच स्क्वेअर मिलिमीटरची घ्या, ती पूर्ण उलगडा आणि लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असल्याशिवाय सुरू करू नका. आणखी एक, तारेचं रीळ मशीनमध्ये ठेवून जाऊ नका. इथल्या हवेत आठवड्यात त्यावर डाग येतात आणि मग तार अडखळते. काम झालं की रीळ काढून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा.

पहिले दोन रविवार गाडीला हात लावू नका. २० गेजचे तुकडे घ्या, एकमेकांशेजारी एक मिलिमीटर फट ठेवून लावा आणि टाके मारा. टाका म्हणजे सेकंदभराचा, त्याहून कमीच. आवाज ऐका. फोडणीत मोहरी एकसारखी तडतडते तसा आला तर तार आणि व्होल्टेज जुळलं. फट्-फट् करून तार हाताला धक्का देत असेल तर तार जास्त सुटतेय. सलग रेघ ओढायचा विचारच करू नका. पातळ पत्र्यावर सलग रेघ नसते, टाक्याशेजारी टाका असतो. आधी दोन-अडीच सेंटिमीटरवर एकेक, मग त्यांच्या मध्ये, मग पुन्हा त्यांच्या मध्ये, आणि दर वेळी लांबच्या टोकाला जाऊन. शेजारच्या टाक्याला उघडा हात लावता येतो एवढा तो थंड झाल्यावरच पुढचा. एका हातभर जोडाला तास लागला तर लागू द्या. भोक पडलंच तर मागे तांब्याची चपटी पट्टी दाबून धरा. तांब्याला पोलाद चिकटत नाही आणि वितळलेला थेंब तिच्यावर थांबतो. तुकडा कापून त्याच्या मागची बाजू बघा. मागे निळसर रेघ आणि थोडा उंचवटा दिसला तर वेल्ड आरपार गेलाय. मागे काहीच दिसत नसेल तर तो वरवर बसलाय आणि पकडीने वाकवला की सुटेल. खरंच वाकवून बघा.

सुरुवात फ्लोअरपासून करा. त्यात नाळ्या असतात, त्यामुळे तो ताठ राहतो, आणि हात बसेपर्यंतचं काम नमद्याखाली झाकलं जातं. सिल दुसरी. तिथे कारखान्यातल्या स्पॉट वेल्डचे ठिपके ड्रिलने सोडवून घ्या, नव्या पट्टीला सहा-सात मिलिमीटरची भोकं पाडा, क्लॅम्पने घट्ट आवळा आणि भोक भरून टाके मारा. मडगार्डचा दिसणारा भाग सर्वांत शेवटी. सपाट पत्रा सर्वांत आधी वाकतो.

आणि काही जागा तुम्ही कराव्यात असं मला वाटत नाही. मागच्या पाट्याच्या स्प्रिंगा जिथे बॉडीला टांगलेल्या असतात, पुढचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचा बॉक्स जिथे बसतो, सीटबेल्टचे बोल्ट. ब्रिटनमध्ये जुन्या गाड्या घरी दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत आणि तिथल्या वार्षिक एमओटी तपासणीत अशा जोडांपासून ३० सेंटिमीटरच्या आतला गंज वेगळ्या, कडक निकषाने पाहतात. तिथे फायबर-पुट्टी अजिबात चालत नाही. आपल्याकडे तसं कुणी मोजत नाही, म्हणून ते ३० सेंटिमीटर तुम्ही स्वतः मोजा आणि त्या वर्तुळातलं काम अनुभवी वेल्डरकडून तुमच्यासमोर करून घ्या. चासी नंबर ज्या पत्र्यावर ठोकलेला आहे, त्याला ग्राइंडर लावू नका. तो पत्रा बदलला तर कागदोपत्री गाडीच हरवते.

पार्किंगचं विचारलंत. नाही, स्टिल्टखाली वेल्डिंग करू नका. ग्राइंडरच्या ठिणग्या शेजारच्या गाडीच्या काचेत आणि रंगात रुततात, त्या परत निघत नाहीत. शेजारी स्कूटर उभ्या असतात, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत सरपटत येते. उघडणं, मोजणं, कागदाचे नमुने, खरवडणं, रंग, वॅक्स हे सगळं सोसायटीत शांतपणे होतं. आर्क आणि कटिंगसाठी वागळे इस्टेट किंवा तुर्भे-रबाळ्याला एखाद्या ओळखीच्या गाळ्यात आठवडाभराची जागा मागा आणि गाडी टो करून न्या. तिथे शेजारी चुकतंय हे सांगणारा माणूसही मिळतो. मी असाच शिकलो.

तिथेही पेट्रोलची टाकी गाडीतून काढून लांब ठेवायची, रिकामी असली तरी, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. बॅटरी काढायची, अल्टरनेटरच्या वायरी सोडायच्या. अर्थचा चिमटा वेल्डच्या वीतभर अंतरावर, घासलेल्या पत्र्याला. आतला नमदा आणि तळाचं डांबरी काळं कोटिंग वेल्डच्या चारही बाजूंनी हातभर खरवडून काढा. नमदा पेट घेत नाही, तो आत धुमसतो. एका गाडीत आम्ही काम संपवून चहाला गेलो आणि परतलो तेव्हा डॅशबोर्डखालची वायरिंग जळत होती. तेव्हापासून दुसरा माणूस फक्त पाहायला, हाताशी पाण्याची बादली आणि पावडरचं अग्निशामक, आणि शेवटच्या टाक्यानंतर एक तास गाडीपाशीच.

पत्रा पुसायला ब्रेक क्लीनरचा स्प्रे वापरू नका. काही स्प्रेंमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं आणि त्यावर आर्क पडली की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. तो जीव घेतो. साधं थिनर वापरा, पूर्ण वाळू द्या, डबा बाहेर ठेवा. जुन्या रंगात आणि शेंदरी प्रायमरमध्ये शिसं असू शकतं, म्हणून खरवडताना चांगला मास्क लावा आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नका. आपोआप काळा होणारा हेल्मेट, चामड्याचे हातमोजे, सुती पूर्ण बाह्या. उघड्या डोळ्याने आर्क पाहिली तर रात्री दोनला डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होऊन जाग येते. त्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

वेल्डनंतरचं काम वेल्डइतकंच मोठं आहे. वेल्डजवळचा पत्रा उघडा असतो आणि तुमच्या बोटांचा घामसुद्धा त्यावर रात्रीत डाग पाडतो. म्हणून ज्या दिवशी जोड घासला, त्याच संध्याकाळी एपॉक्सी प्रायमर, ब्रशने, दोन्ही बाजूंना. स्प्रेगनने टू-के, म्हणजे हार्डनर मिसळायचा, रंग घरी मारू नका, त्यातलं हार्डनर फुफ्फुसं कायमची बिघडवतं. पुट्टी प्रायमरच्या वर, उघड्या पत्र्यावर कधीच नाही, कारण ती पाणी शोषते. जाडी दोन मिलिमीटरच्या आत. सांध्यांवर सीम सीलर, म्हणजे फट बंद करणारी पेस्ट. सगळ्यात शेवटी सिलच्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण), ते खालच्या निचऱ्याच्या भोकांतून ठिबकेपर्यंत. मग तारेने ती भोकं मोकळी करा. बरेच जण इथे जळकं ऑइल मारतात. ते सांध्यात शिरतं हे खरं, पण रबरी बुश फुगवतं आणि पुढे कधी तिथे वेल्डिंग करायचं झालं तर पेटतं. गंज बदलणारं काळं रसायनही फक्त खरवडून न निघणाऱ्या कोपऱ्यांसाठी. वेल्ड येणार असेल तिथे ते लावू नका.

काम ऑक्टोबरअखेर सुरू करा, फेब्रुवारीपर्यंत पत्रा बंद व्हायला हवा. तयार फ्लोअर आणि सिल शोधायच्या असतील तर लवकर शोधा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, आणि टॅक्सीवाल्यांसाठी हे पत्रे ठोकणारे कुर्ल्याकडचे हात दर वर्षी कमी होताना मी पाहतोय.

मशीन या महिन्यात घेऊ नका. या रविवारी दोन्ही मॅट आणि नमदा काढा, पाइपने गळती शोधा आणि पुढच्या सीटच्या चारही बोल्टांभोवतीची पत्र्याची जाडी मोजून मला कळवा. ती ०.८ मिलिमीटरच्या खाली असेल तर मी सांगितलेला क्रम बदलावा लागेल. मग आधी सीटखालची मजबुती आणि नंतर फ्लोअर.